स्वाक्षरीची विद्युत्-गिटार : परीक्षणाची रीत आणि फेरफारांचा विवेक

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे देवीच्या मंदिरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद त्यात असून, चंगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता, असेही त्यावरून कळते. याच सिंघणाच्या आश्रयास शार्ङ्गदेव होता; त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’तील वाद्याध्यायात सारिका, म्हणजे पडदे, बसविलेल्या किन्नरी वीणेचे वर्णन आहे. ‘लीलावती’तील गुणोत्तर श्रेढी आणि वीणेच्या दांडीवरील पडदे यांचा संबंध त्या काळी कोणी जोडला होता, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु पडद्यांचे वाद्य कानाने जितके ओळखावयाचे तितकेच मापाने ओळखावयाचे असते, ही गोष्ट स्मरणात आणण्यास हा प्रदेश योग्य आहे.

आज त्याच चाळीसगावात एखादा तरुण वादक विद्युत्-गिटार घेण्याचा विचार करतो, तेव्हा त्याच्यापुढे येणारा प्रश्न वरकरणी नवा आहे. एखाद्या विख्यात वादकाचे नाव धारण करणारी, म्हणजे ‘स्वाक्षरीची’ गिटार घ्यावी काय, आणि घेतल्यास निर्माता जे पर्यायी फेरफार देऊ करतो त्यांतील कोणते स्वीकारावेत? अशा वाद्यांची खरी निवड मोठ्या शहरातच पाहावयास मिळते. मुंबई येथून लोहमार्गाने सुमारे सव्वातीनशे किलोमीटर दूर आहे. म्हणजे परीक्षणास एक दिवस, त्यातही दुकानातील तासदोन तास; अन्यथा वाद्य हाती न घेताच मागवावयाचे. एकदा चुकलेली निवड परत फिरविणे अशा ग्राहकास सुलभ नसते. म्हणूनच या परीक्षणास काही शास्त्र असणे अगत्याचे आहे.

स्वाक्षरी म्हणजे काय?

गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल या वादकाच्या नावाने भरीव धडाची विद्युत्-गिटार बाजारात आणली. स्वाक्षरीच्या वाद्यांत हिचे स्थान अग्रगण्य होय. तथापि नाव आणि वादकाची इच्छा यांत किती अंतर असू शकते, याचेही हेच वाद्य उत्तम उदाहरण आहे. तारा अडकविण्याची जी दांडीवजा घोडी लेस पॉलने योजिली होती, तिच्या वरून तारा जाव्यात अशी त्याची कल्पना होती; परंतु दांडी धडाशी ज्या कोनात जोडली गेली, तो कोन अपुरा पडल्याने प्रारंभीच्या वाद्यांत तारा घोडीखालून न्याव्या लागल्या. परिणामी उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून नाद दाबण्याची रीत त्या वाद्यावर अवघड झाली. पुढे घोडी बदलण्यात आली. १९६१ साली कंपनीने वाद्याचा आकारच बदलला आणि त्यानंतर थोड्याच काळात लेस पॉलचे नावही त्यावरून निघाले. १९६८ साली मूळ आकाराचे वाद्य त्याच नावाने पुनः निघाले.

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर १९५४ सालची. तिच्या स्वाक्षरीच्या आवृत्त्या मात्र १९८८ पासूनच्या. त्या वर्षीच्या एरिक क्लॅप्टनच्या वाद्यात दांडीचा पाठीमागील आकार इंग्रजी ‘व्ही’ अक्षराकडे झुकणारा होता, आणि मध्यम कंप्रतेचे स्वर उठावदार करणारे, विद्युत्-घटावर चालणारे मंडल आत बसविलेले होते. त्याच वर्षीच्या यंग्वी माल्मस्टीनच्या वाद्यात पडद्यांमधील लाकूड वाटीसारखे कोरून काढलेले होते. म्हणजे कंपनी एक, मूळ आराखडा एक, परंतु दोन हातांसाठी दोन भिन्न वाद्ये. मुंबईचे एहसान नूरानी यांच्या नावानेही याच कंपनीने स्ट्रॅटोकास्टर काढली. शंकर-एहसान-लॉय या त्रयीने ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटास संगीत दिल्यामुळे मराठी श्रोत्यांस हे नाव अपरिचित नाही.

या उदाहरणांवरून स्वाक्षरीच्या वाद्याची व्याख्या पुढीलप्रमाणे करता येईल : एका वादकाचा हात, त्याचे शरीर आणि त्याचा वादनसंग्रह यांना अनुसरून केलेल्या निवडींचा संच म्हणजे स्वाक्षरीचे वाद्य. त्या निवडी दुसऱ्या हातास मानवतील असे नाव सांगत नाही. अर्थात् परीक्षकाचे पहिले कार्य म्हणजे नावाची गाठ सोडवून त्या निवडी एकेक करून वेगळ्या करणे.

मिरजेची रीत

ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिकलगार घराण्यातील कारागीर सतारी व तंबोरे घडवीत आले; २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोरा मागविणाऱ्या गायकास प्रथम विचारले जाते ते त्याच्या स्वराविषयी. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा तंबोरा यांची लांबी, भोपळ्याचा घेर आणि तारांची जाडी यांत भेद असतो. जवारी तर गायकाच्या स्वरास तार मिळवून, कानाने ऐकत ऐकतच लावली जाते. सतारीच्या बाबतीतही वादकांच्या नावाने ओळखले जाणारे दोन प्रकार रूढ आहेत : खर्जाच्या तारा असलेली रविशंकरांच्या धाटणीची सतार आणि त्या तारा वगळून गांधार-पंचमाची योजना करणारी विलायत खाँ यांच्या धाटणीची सतार. विद्यार्थी यांपैकी कोणती घेतो, हे तो कोणत्या बाजास अनुसरणार यावर ठरते. नावाच्या कीर्तीवर ठरत नाही. विद्युत्-गिटारीच्या परीक्षकाने हाच विवेक पुढे चालवावयाचा आहे.

लांबी आणि तणाव

दांडीच्या टोकाकडील पट्टीपासून घोडीपर्यंतची तारेची लांबी हे पहिले माप होय. फेंडरच्या वाद्यांत ती सामान्यतः २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मि.मी., असते, गिब्सनच्या वाद्यांत सांकेतिक २४.७५ इंच, म्हणजे ६२८.७ मि.मी. फरक केवळ १९ मि.मी.चा. परंतु समान जाडीच्या तारेतून समान स्वर काढावयाचा असता तणाव लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून आखूड वाद्यावर तो सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो. ०.०१० इंच जाडीची पोलादी तार ३२९.६ हर्ट्झ या स्वरास मिळविली, तर लांब वाद्यावर तिचा ताण सुमारे ७२.५ न्यूटन आणि आखूड वाद्यावर सुमारे ६८ न्यूटन येतो. बोटास हा भेद तत्काळ जाणवतो, आणि ‘हे वाद्य मऊ आहे’ असे ज्याचे वर्णन केले जाते त्याचा पुष्कळसा भाग यातच असतो.

पडद्यांची स्थानेही याच लांबीवरून निश्चित होतात. समभाग सप्तकात प्रत्येक अर्धस्वराचे गुणोत्तर २ चे बारावे मूळ, म्हणजे सुमारे १.०५९५, असते. त्यानुसार लांब वाद्यावर पहिला पडदा ३६.४ मि.मी.वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२३.९ मि.मी.वर येतो, आखूड वाद्यावर पहिला ३५.३ मि.मी.वर. लहान हाताच्या वादकास खालच्या पडद्यांवर ही मिलिमीटरची सवलतही उपयोगी पडते.

पडद्यांच्या पट्टीची गोलाई हे यानंतरचे माप. जुन्या धर्तीच्या फेंडरवर तिची त्रिज्या ७.२५ इंच, अलीकडील अनेक वाद्यांवर ९.५ इंच, तर गिब्सनवर १२ इंच असते. त्रिज्या जितकी लहान, तितकी पट्टी अधिक गोल. अशा पट्टीवर चार बोटांनी स्वरसंघ धरणे सोयीचे पडते. परंतु तारा पट्टीलगत ठेवून एखादी तार आडवी फार ओढल्यास ती पट्टीच्या उंचवट्यावरील पुढच्या पडद्यास टेकते आणि नाद मरतो. भारतीय संगीताच्या अभ्यासकास या बाबीचे महत्त्व विशेष आहे.

मींड आणि पडदे

सतारीवर एकाच पडद्यावरून अनेक स्वरांची मींड घेता येते. गिटारीवर ते सामर्थ्य मर्यादित आहे. तार ओढून स्वर एक पूर्ण स्वराने चढवावयाचा तर तणाव सुमारे २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो; तीन अर्धस्वरांनी चढवावयाचा तर सुमारे ४१ टक्क्यांनी. वरील ७२.५ न्यूटनच्या तारेस दुसऱ्या प्रसंगी शंभराहून अधिक न्यूटन ताण सोसावा लागेल. येथे लांबीची निवड, तारेची जाडी आणि पट्टीची गोलाई या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

यावरून एक सोपी कसोटी निघते. दरबारीतील आंदोलित कोमल गांधार घ्यावा. पडदा पक्का असल्याने ओढीने स्वर केवळ चढविता येतो, उतरविता येत नाही. म्हणून बोट रिषभाच्या पडद्यावर ठेवून तार ओढत गांधारापर्यंत जावे व त्याच ओढीत सावकाश झुलवावे. जे वाद्य हे आंदोलन घर्षणावाचून व नाद न मरता करू देते, त्याची दांडी, पडदे आणि घोडी एकमेकांशी जुळलेली आहेत असे समजण्यास हरकत नाही. दुकानात ठराविक पाश्चात्त्य चाली वाजवून हा गुण कळत नाही.

कोरलेली पट्टी हा याच गरजेस दिलेला एक प्रतिसाद होय. जॉन मॅक्लॉक्लिन यांनी शक्ती या वाद्यवृंदासाठी जी गिटार करवून घेतली, तीत पट्टी कोरलेली होती आणि मुख्य तारांच्या आडव्या अशा सात साहाय्यक तारा बसविल्या होत्या. बोटाखाली लाकूड नसल्याने तारेवरील पकड वाढते. परंतु त्याचबरोबर दाब थोडा अधिक पडला तरी स्वर चढतो. म्हणून ज्याचा हात हलका नाही, त्यास ही सोय बेसुरेपणाचे कारण ठरते.

श्रुतींचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. समभाग सप्तकातील शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर ५:४ या गुणोत्तराचा गांधार सुमारे ३८६ सेंटवर. हे १४ सेंटचे अंतर तंबोऱ्याच्या साथीत स्पष्ट ऐकू येते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने बावीस श्रुतींच्या मापनाचा उद्योग केला आणि १९१० साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशी हाच भेद होता. काही निर्माते पडद्यांची स्थाने बदलून देतात. परंतु एका षड्जासाठी बदललेले पडदे दुसऱ्या षड्जास उपयोगी पडत नाहीत, हे मागणी नोंदविण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

पिकअप आणि त्यास जोडणारी तार

विद्युत्-गिटारीचा नाद निर्माण होतो तो पिकअपमध्ये. कायमचुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेष्टनात विद्युत्-दाब उत्पन्न होतो. एकेरी वेष्टनाचा पिकअप भोवतालच्या वीजवाहिन्यांची गुणगुण पकडतो. भारतात ती ५० हर्ट्झ व तिच्या पटीतील असते. सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेष्टने परस्परविरुद्ध जोडून ही गुणगुण घालविण्याची युक्ती गिब्सनसाठी सिद्ध केली.

परीक्षणाच्या दृष्टीने येथे एक फसवी जागा आहे. पिकअपचे प्रवर्तन आणि जोडतारेची धारिता मिळून एक अनुस्पंदी मंडल तयार होते, आणि त्याच्या शिखराची कंप्रता वाद्याच्या ‘तेजस्वी’ वा ‘गंभीर’ नादाचे बरेचसे नियमन करते. एकेरी पिकअपचे प्रवर्तन २.४ हेन्री व जोडतारेची धारिता ६०० पिकोफॅरड धरल्यास हे शिखर सुमारे ४,२०० हर्ट्झवर येते. दुहेरी पिकअपचे प्रवर्तन ४.४ हेन्री धरल्यास ते सुमारे ३,१०० हर्ट्झवर उतरते. आता एकेरी पिकअप तसाच ठेवून जोडतार मात्र लांब घेतली, म्हणजे धारिता ६०० वरून १,००० पिकोफॅरडवर गेली, तर शिखर सुमारे ३,२५० हर्ट्झवर येते. जोडतारेची धारिता साधारणतः दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. म्हणजे सहा मीटरऐवजी दहा मीटरची जोडतार लावल्याने हे शिखर जवळपास तितकेच सरकते, जितके पिकअपचा प्रकार बदलल्याने सरकले असते. दुकानातील आखूड जोडतारेवर आवडलेला नाद घरच्या लांब जोडतारेवर न सापडल्यास दोष वाद्याचा नसतो.

पिकअपचे स्थानही विचारात घ्यावे लागते. घोडीपासून लांबीच्या एकचतुर्थांशावर असलेला पिकअप मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर ग्रहण करू शकत नाही, कारण तेथे त्या उपस्वराचा स्थिरबिंदू असतो. तारेचे कंपन जेथून घेतले जाते ते स्थान आणि हे विद्युत्-मंडल यांच्या तुलनेत भरीव धडाच्या लाकडाचा नादावरील परिणाम अल्प असतो. लाकडाच्या निवडीसाठी मोठी अधिक किंमत मोजावी लागत असेल, तर ती वजन, रूप आणि टिकाऊपणा यांसाठी मोजली जात आहे, हे ओळखून मोजावी.

परीक्षणाची रीत

क्लॉडिया फ्रिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली इंडियानापोलिस येथे एक प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. २१ व्हायोलिनवादकांस डोळ्यांवर गडद चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजविण्यास दिली. त्यांत तीन नवी होती व तीन जुनी इटालियन होती, आणि जुन्यांपैकी दोन स्ट्रॅडिव्हेरियसची होती. सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्या वाद्यास. कीर्तिमान नाव दिसत असता कान तटस्थ राहत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

तेव्हा परीक्षण पुढील क्रमाने करावे. प्रथम वाद्य न जोडता वाजवावे. दांडी, पडदे व तारांची उंची यांचे दोष तेव्हाच कळतात. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून कोठे खरखर होते ते पाहावे. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून धरली असता सातव्या-आठव्या पडद्याजवळ तिच्याखाली सुमारे पाव मिलिमीटर फट असणे इष्ट आहे. बाराव्या पडद्यावरील स्वर आणि त्याच जागी हलका स्पर्श करून काढलेला उपस्वर यांत अंतर पडत असेल, तर घोडीची जुळणी अपुरी आहे. हा दोष सुधारण्याजोगा असतो.

नंतर वाद्य जोडावे. स्वतःची जोडतार न्यावी. शक्य असल्यास ध्वनिवर्धकही ओळखीचा असावा. दोन वाद्यांची तुलना करताना आवाजाची पातळी समान करून घ्यावी, कारण थोडेसे मोठे ऐकू येणारे वाद्य कानास अधिक चांगले वाटते. दोन्ही वाद्यांच्या तारा सारख्याच जाडीच्या आहेत काय आणि नव्या आहेत काय, हे विचारावे. सोबत्याने क्रम न सांगता वाद्ये वाजवावीत आणि परीक्षकाने पाठ फिरवून ऐकावे. मग भूमिका बदलाव्यात. तारांस स्पर्श करताच झिणझिण्या येत असतील, तर वाद्य तत्काळ खाली ठेवावे व वीजजोडणीचे आर्थिंग तपासून घ्यावे. त्या ठिकाणी प्रश्न नादाचा नसून जिवाचा असतो. शेवटी वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून अर्धा तास उभ्याने वाजवावे. साडेतीन किलोग्रॅम आणि साडेचार किलोग्रॅम यांतील भेद बसून वाजविताना कळत नाही.

फेरफारांचा क्रम

पर्यायी फेरफारांची निवड करताना त्यांची वर्गवारी किमतीवरून न करता, ते पुढे उलटविता येतील काय, यावरून करावी. तारांची जाडी, तारांची उंची आणि घोडीची जुळणी हे फेरफार घरी, जवळपास विनाखर्च होतात. पिकअप, स्वरनियंत्रक व त्यांतील धारित्रे आणि खुंट्या हे डागणी व पेचकस जाणणारा कारागीर बदलू शकतो. यांसाठी स्वाक्षरीच्या वाद्याची वाढीव किंमत देण्याचे सहसा प्रयोजन नाही.

याउलट लांबी, दांडीची रुंदी व पाठीचा आकार, पट्टीची गोलाई, कोरीव पट्टी, पडद्यांची संख्या व स्थाने ही एकदा ठरली की ठरली. येथे मात्र स्वाक्षरीच्या वाद्याची किंमत सार्थ ठरू शकते, जर त्या वादकाच्या हाताचे माप आणि ग्राहकाच्या हाताचे माप जुळत असेल तर. न पाहता मागवावयाच्या वाद्यात या दुसऱ्या वर्गातील एकही असामान्य फेरफार, तो पूर्वी दुसऱ्या वाद्यावर हाताने अनुभवल्यावाचून, मागवू नये.

हवामानाचाही विचार आवश्यक आहे. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्याची दमट हवा येते, आणि त्या पालटाने दांडीचा बाक बदलतो. म्हणून दांडीतील लोखंडी सळई सहज फिरविता येते काय, हे पाहावे. पट्टीसाठी वापरली जाणारी शिसव ही भारतीय जात असून २०१७ साली शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ साली त्यांतून तयार वाद्यांस सूट देण्यात आली. परदेशातून मागविताना तयार वाद्य आणि सुटे लाकूड यांतील हा भेद ध्यानात असावा.

सारांश, स्वाक्षरीचे वाद्य हे दुसऱ्याच्या हाताचे टिपण असते. ते टिपण वाचावे, त्यातील प्रत्येक माप वेगळे काढून स्वतःच्या हातावर पडताळावे, आणि जे पुढे बदलता येईल त्यास अल्प व जे बदलता येणार नाही त्यास अधिक वजन द्यावे. चाळीसगावच्या वादकाने मुंबईस जाण्यापूर्वी आपल्या सध्याच्या वाद्याची लांबी, पट्टीची रुंदी, तारांची जाडी व बाराव्या पडद्यावरील तारांची उंची कागदावर टिपून नेली, तर त्याच्या दिवसाचा निम्मा भाग वाचेल आणि उरलेला निम्मा ऐकण्यास मिळेल.